दुसरी चावी कुणाला?

धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या शिंपिणीच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. नुसता तिच्या मशीनचा खडखडाट गल्लीभर हिंडत होता. चावीवाल्याने दुकानाच्या फळ्या काढल्या, हातांवर फुंकर मारली आणि कोपऱ्यातलं लोहचुंबक उचललं. दोरीला बांधलेलं ते चुंबक जमिनीवरून सावकाश ओढत न्यायचं, कालचा सगळा लोखंडाचा कीस त्याला चिकटून मिशांसारखा उभा राहतो, मग तो डब्यात झटकायचा. त्याच्या दिवसाची सुरुवात अशी व्हायची. बापाची शिकवण. गिऱ्हाईक अनवाणी येत नाही, पण त्याच्या कडेवरचं पोर खाली उतरतं, असं बाप म्हणायचा.

त्या सकाळी लोखंड थंडीने चावत होतं. तरी त्याने एका कपाटाची कच्ची चावी शेगड्यात, बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळली आणि कानस चालवायला घेतली. चार हात मारायचे, थांबायचं, चावी तोंडाशी नेऊन दोनदा फू फू करायचं. ही फुंकर पण बापाचीच. बाप गेला, फुंकर राहिली.

शेगड्याच्या बरोबर वर, भिंतीवर, थोरल्या मिस्त्रींचा फोटो होता. गळाबंद कोट, जाड मिशा, आणि डोळे असे की कुठेही उभं राहा, तुमच्या हाताकडेच बघतायत. नदीकाठच्या कुलपांच्या कारखान्याचे हे संस्थापक. कारखान्याच्या एका जुन्या कॅलेंडरवरून बापाने तो फोटो कापला, काच लावली आणि आयुष्यभर रोज सकाळी पुसला. बाप तरुणपणी त्याच कारखान्यात होता. पुढे स्वतःचं दुकान टाकायचं म्हणून नोकरी सोडली, असं तो सांगायचा. "थोरले मिस्त्रीसुद्धा झाडाखाली एक पेटी आणि एक कानस घेऊन बसले होते, मग आपल्याला काय झालं?"

चावीवाला लहान होता तेव्हा निजताना दुसऱ्या पोरांना राक्षस आणि राजकन्या मिळायच्या. याला थोरले मिस्त्री मिळाले. हाताखालून गेल्याशिवाय एकही कुलूप बाजारात न पाठवणारे. एका खेपेला लिव्हर सैल निघाले म्हणून आख्खी गाडी नदीत रिकामी करणारे. आणि सगळ्यात शेवटी, डोळे मिटता मिटता, ती पेटीची गोष्ट. एका विधवेची पेटी. शहराचा मोठा साहेब चार शिपाई घेऊन कारखान्यात येतो, पेटी समोर आदळतो, म्हणतो, तुझंच कुलूप आहे, उघड. आणि थोरले मिस्त्री हात धुऊन येतात, पुसतात आणि म्हणतात, "साहेब, कुलूप मी केलंय. पण ते उघडायचा हक्क मी त्या बाईला विकलाय. विकलेली वस्तू मी परत घेत नाही."

हे वाक्य चावीवाल्याने पाटीवर रंगवून घेतलं होतं. रंगाऱ्याने मोबदल्यात फुकट कुलूप मागितलं, ते दिलं.

बायको मात्र या सगळ्याची मजा घ्यायची. "मला सासरे दोन," ती शेजारणींना सांगायची. "एक होते ते बिचारे वाढलं ते जेवायचे. हे दुसरे जेवत नाहीत, खात नाहीत, नुसते भिंतीवरून माझ्या संसारावर लक्ष ठेवून." चावीवाला यावर हसायचा, पण काही अडलं, कुणाशी वाद झाला, की तो फोटोकडेच बघायचा. ते बायकोला ठाऊक होतं. "विचारा, विचारा," ती म्हणायची. "मी काय, घरचीच."

त्याच पेटीच्या गोष्टीतून त्या दुकानाचा एक रिवाज निघाला होता. नवं कुलूप विकलं की बाप विचारायचा, "दुसरी चावी कुणाला?" मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला, ज्याला द्यायची त्याच्या हातात ती जायची. आणि मालक ‘कुणालाच नाही’ म्हणाला, तर दुसरी चावी त्याच्या डोळ्यांदेखत शेगड्यात धरून, एका घावात तोडून, तुकडे त्याच्या हातावर ठेवायचे. गल्लीतल्या लोकांना याचं कोण कौतुक. बापामागे मुलानेही तो रिवाज मोडला नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या बाई आल्या होत्या. गल्लीच्या टोकाच्या घरात एकट्या राहायच्या. निम्म्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्या गल्लीचे कान पिळले होते. त्यांच्या दाराला त्याने नवा लॅच बसवला. ओढलं की आपोआप लागणारा, बाहेरून फक्त चावीने उघडणारा.

"दुसरी कुणाला?"

"कुणालाच नाही. तोडा."

"विचार करा, बाई. वाऱ्याने दार लागलं आणि तुम्ही बाहेर राहिलात तर?"

"तर तुम्ही आहात ना चार घरं सोडून. मी स्वतः येईन आणि सांगेन, उघडा. पण दुसरं कुणी आलं, रडत आलं तरी उघडायचं नाही. माझी भाची आली तरी नाही. तिचा डोळा आहे माझ्यावर."

"शब्द दिला, बाई."

"तुमच्या शब्दाला गंज नाही हो. माझ्या गुडघ्यांना आहे."

त्याने घाव घातला. बाईंनी दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि पोरीसारख्या हसत, काठी टेकत गेल्या. तिचा डोळा आहे, एवढंच बाई म्हणाल्या होत्या. कशावर, ते चावीवाल्याने स्वतःच ठरवून टाकलं. घरावर, दागिन्यांवर. गोष्टीतल्या साहेबाचा पेटीवर होता, तसाच.

तर त्या धुक्याच्या सकाळी, कपाटाची चावी अर्धी झालेली असताना, धुक्यातून भाचीच आली. पदर एकीकडे, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"काका, बाई दार उघडत नाहीयेत. काल संध्याकाळपासून फोन उचलत नाहीत. चला ना जरा."

"हाका मारल्यात?"

"मारल्या. दार बडवलं. आत रेडिओ चालू आहे, पण ओ नाही."

चावीवाल्याने कानस खाली ठेवली. रेडिओ चालू आहे म्हणजे बाई जाग्या आहेत. जाग्या आहेत आणि उघडत नाहीत, म्हणजे त्यांना उघडायचं नाही. त्याला ते दुधासारखं स्वच्छ दिसलं.

"ताई, त्यांची मर्जी नसेल."

"अहो, मर्जी काय! रुसल्या असत्या तर आतून शिव्या तरी दिल्या असत्या. त्या गप्प बसणाऱ्यातल्या आहेत का?"

"मालकाने सांगितल्याशिवाय मी कुलूप उघडत नाही. त्यांना तसा शब्द दिलाय मी."

"मालकाला सांगता येत नसलं तर?"

यावर त्याच्याकडे गोष्ट होती. आणि त्याने ती सांगितली. थंडीत कुडकुडत उभ्या राहिलेल्या भाचीला त्याने विधवेची पेटी सांगितली, साहेब सांगितला, चार शिपाई सांगितले, हात धुणंसुद्धा वगळलं नाही. ती ऐकत राहिली, कारण त्याची पिशवी त्याच्या पायाशीच होती आणि गोष्ट संपली की हा ती उचलेल असं तिला वाटलं होतं. गोष्ट संपली. त्याने पिशवी उचलली नाही.

"चौकीवरून पोलीस घेऊन या," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर उघडतो. मग तुमच्यावरही बोट नको आणि माझ्यावरही."

ती पळाली. आतल्या खोलीतून बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "जाऊन तर या. नुसतं दाराशी उभे राहा. कान लावा."

"तिथे गेलो की हात वळवळणार. नको."

बायकोने फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या दिवशी थट्टा केली नाही.

चौकीवर साहेब नव्हता, साहेब आला तर शिपाई नव्हता, शिपाई आला तर अर्ज लिहायला कागद नव्हता. धुकं विरलं, ऊन गल्लीत उतरलं, तेव्हा कुठे ती पोलिसाला घेऊन आली. चावीवाला गेला. दाराला कान न लावताही रेडिओ ऐकू येत होता. कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात लॅच निघाला.

बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. स्टूल आडवं, काठी दूर, आणि एक हात दाराच्या दिशेने लांब केलेला. पायांमागे चटई चुरगळली होती. त्या तेवढं अंतर सरपटत आल्या होत्या. पोलिसाने बोलावलेल्या डॉक्टरांनी मनगट धरलं, सोडलं आणि पोलिसाला हळू आवाजात म्हणाले, "फार वेळ नाही झाला. सकाळी होत्या."

भाचीने रेडिओ बंद केला. ती रडली नाही. दारातून बाहेर जाताना चावीवाल्यापाशी थांबली.

"तुमचे ते मिस्त्री आता ‘उघडा’ म्हणाले का?"

पुढच्या दिवसांत गल्लीने त्याला सोडलं नाही, आणि वाईट म्हणजे, कौतुकच केलं. पोलीस म्हणाला, "चावीवाले, तुमच्यासारखी माणसं असती तर आम्हाला कामच उरलं नसतं." शिंपीण मशीन थांबवून म्हणाली, "भाऊ, तुमचं काय चुकलं? नियम तो नियम. उद्या कुणीही उठेल आणि माझं दार उघडून घेईल." प्रत्येकाला तो मान हलवून हो म्हणे, आणि प्रत्येक हो घशातून खाली जाताना खरवडत जाई. शिव्या मिळाल्या असत्या तर परतवायला तरी आल्या असत्या.

कानस उचलवेना. कपाटाची चावी तशीच अर्धी शेगड्यात. सकाळी फळ्या काढायचा, चुंबक फिरवायचा; पण कीसच नव्हता, चुंबक कोरंच्या कोरं वर यायचं. रात्री बायकोला वाटे हा झोपलाय. आणि हा छताकडे बघत हवामानाचा अंदाज ऐकत असे.

शेवटी ती म्हणाली, "माझ्याशी बोलू नका, ठीक आहे. पण त्या दुसऱ्या सासऱ्यांशी तरी बोला. जा त्यांच्या घरी. विचारा, त्या पेटीचं पुढे झालं काय."

पुढे झालं काय! हे त्याने जन्मात विचारलं नव्हतं. गोष्ट तिथेच संपायची आणि तो झोपी जायचा.

कारखाना बंद पडून जमाना झाला होता. शेडमध्ये आता कुणाची तरी पोती होती. बाप हयात असताना या रस्त्याने कधी आणायचा नाही. बाजारात जायचं तरी पुलावरून लांबचा वळसा घालायचा. तिकडे सावली आहे, म्हणायचा. पुलावर कसली सावली? आज पहिल्यांदाच चावीवाल्याला तो प्रश्न पडला. मागच्या चाळीत एक जुना फोरमन अजून होता. उन्हात बाकावर बसलेला, कानाने अधू, गुडघ्यावर घोंगडी.

"कोण?" तो ओरडला.

चावीवाल्याने बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याला काही आठवेना. मग तो बसला, सवयीने खिशातली एक चावी काढून चाळवू लागला आणि नकळत तिच्यावर दोनदा फू फू केलं.

"अरे! फुंकऱ्याचा तू!" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "तुझ्या बापाला आम्ही फुंकऱ्या म्हणायचो. काय हात होता रे! कुलूप नुसतं बोटाने कुरवाळायचा आणि ते जांभई दिल्यासारखं उघडायचं. आहे?"

"गेले."

"गेला." म्हाताऱ्याने घोंगडी सारखी केली. "सगळेच गेले. मला विसरलेत बहुतेक."

चावीवाल्याने पेटीची गोष्ट काढली. साहेब, शिपाई, हात धुणं. त्याला ओरडून सांगावी लागली. चाळीतल्या दोन बायका नळावरून बघू लागल्या. म्हातारा ऐकताना आधी हसला, मग थांबला.

"हे कोण म्हणालं तुला?"

"बाबा."

"इथे कशाला येतोय मोठा साहेब! आणि थोरले मिस्त्री कुलूप उघडायला नाही म्हणणार? वेडा आहेस का? तो माणूस गल्लोगल्ली हिंडून अडलेली दारं फुकट उघडून द्यायचा. म्हणायचा, ज्याचं दार आपण उघडलं तो दुसऱ्या कुणाचं कुलूप घेईल का? धंदाच तसा वाढवला त्याने. पक्का व्यापारी होता. पण मनाने बरा."

नळावरची बादली भरून वाहू लागली होती.

"पेटी मात्र होती," म्हातारा म्हणाला. आवाज खाली आला. बहिऱ्या माणसाचा आवाज एवढा खाली येतो हे चावीवाल्याला माहीत नव्हतं. "उघडली पण होती."

"कुणी?"

"तुझ्या बापाने."

मग म्हाताऱ्याने सांगितलं. एक तरणा माणूस फाटकाशी आला, आईची पेटी आहे, चावी हरवली, ती आजारी आहे, औषधाचे पैसे आत आहेत. डोळ्यांत पाणी. फुंकऱ्याने जेवणाच्या सुट्टीत जाऊन पेटी उघडून दिली, हसत परत आला. ती म्हातारी त्याची आई नव्हतीच, तो तिचा भाडेकरू. म्हातारी बाजारातून आली तो पेटी उघडी आणि माणूस पसार. दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसायला लागली. भांडायची नाही, मागायची नाही. पाळीवर आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात बघायची.

"मिस्त्रींनी काढून टाकलं बाबांना?"

"छे! बोलावलं, बसवलं. मी होतो तिथे. म्हणाले, ‘उघडलंस त्यात चूक नाही, पोरा. पुढच्या खेपेला दोन प्रश्न जास्त विचार, आणि मग उघड.’ म्हातारीला मिस्त्रींनीच पुढे सांभाळलं. पण तुझा बाप काही थांबला नाही. त्या फाटकातून आत यायचे पायच राहिले नव्हते त्याला. साहेब म्हणे, शिपाई म्हणे! काय गोष्ट रचली फुंकऱ्याने. पोरासाठी रचली असेल, नाही?"

परतताना चावीवाला पुलावरून आला नाही. फाटकावरून, सरळ रस्त्याने आला. फाटकाशी कुणीच बसलेलं नव्हतं, तरी त्याने हात खिशात घातले.

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ती नवऱ्यासाठी रडेल. रडली ती सासऱ्यासाठी. "आणि मी त्यांच्यासमोर त्या फोटोची टवाळी करायचे हो. ते खाली मान घालून जेवायचे. मला वाटायचं, हसू लपवतायत."

चावीवाला फोटोसमोर उभा राहिला. लहानपणापासून त्याला वाटत आलं होतं, बाप रोज सकाळी ती काच पुसतो ती भक्तीने. आता त्याला बापाचा अंगठा आठवला, एकाच जागी घासत राहणारा, काच स्वच्छ झाल्यावरही. दोन प्रश्न जास्त. एवढंच बाप त्याला सांगून गेला असता तर! पण ते सांगायचं तर पेटी सांगावी लागली असती, आणि ती पेटी बापाने अशी बंद केली होती की पोटच्या पोराच्या हातीही चावी लागू नये. बाईंच्या दाराशी त्याने दोन काय, एकही प्रश्न विचारला नव्हता. काठी कुठे आहे बाईंची? दूध आत घेतलंय का? भाचीला ते सांगता आलं असतं. दुधाची पिशवी दाराशीच होती. त्याने ती ओलांडून लॅच काढला होता.

काही दिवसांनी भाची दुकानात आली. हातात बाईंचा लॅच, कागदात गुंडाळलेला.

"याची चावी सापडत नाही," ती म्हणाली. "मी तिथेच राहायला येतेय. दुसरा बसवू शकते, पण त्यांनी हौसेने घेतला होता."

त्याने लॅच घेतला. तिला सगळं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं, बाप, पेटी, फाटक. मग त्याला कळलं की हीसुद्धा पुन्हा एक गोष्टच होईल, आणि ही बाई पुन्हा थंडीत उभी राहून ती ऐकेल. त्याने लॅच उलटा करून बघितला.

"एकच विचारते, काका. बाई तुम्हाला म्हणाल्या होत्या ना, हिचा डोळा आहे माझ्यावर?"

"हो."

"मी त्यांना माझ्याकडे न्यायला बघत होते. दर रविवारी भांडायचो. म्हणायच्या, तू मला बोचक्यात बांधून नेशील. तुम्ही मला चोर समजलात ना?"

बायको आतल्या दाराशी येऊन उभी राहिलेली त्याला दिसली. फोटोकडे बघायची इच्छा झाली; त्याने बघितलं नाही.

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. माफ केलं असं नाही. हिशेब जुळला की माणूस हलवतो तशी. "किती वेळ लागेल?"

"संध्याकाळी देतो. दोन करतो." आणि जिभेच्या टोकावर बापाचा तो प्रश्न आला, पोरवयापासून हजारदा विचारलेला. तो तोंडातच थांबला.

तीच म्हणाली, "दुसरी शिंपीणबाईंकडे ठेवा. बोललेय मी त्यांच्याशी. मीही आता एकटीच असणार तिथे."

ती गेल्यावर त्याने शेगडा सैल केला, कपाटाची अर्धी चावी काढून बाजूला ठेवली आणि डब्यातून दोन कोऱ्या पट्ट्या निवडल्या. पहिली घासली. दुसरी आवळली. चार हात, थांबणं, चावी तोंडाशी. फुंकर मारायला ओठ वळले आणि क्षणभर अडले. मग त्याने मारली, दोनदा. दुसरी झाल्यावर डब्यातून आणखी एक पट्टी काढली.

"तिसरी कशाला काढलीत?" बायकोने आतून विचारलं. तिला आवाजावरून कळायचं.

"आपल्या घराची. दुसरी तोडली होती ना आपण. समोर शिंपिणीकडे देऊन ये."

भांडी घासल्याचा आवाज थोडा वेळ थांबला आणि परत सुरू झाला. जमिनीवर कीस पडत होता. संध्याकाळच्या आत चुंबक फिरवायला हवं होतं, शिंपिणीची नात अनवाणीच येते. त्याने दोरी जवळ ओढून ठेवली आणि कानस पुन्हा चालू केली.